अकादमीच्या सदस्यत्वासाठी आपणहून अर्ज करावा का?

डाळिंबबाग

परवा स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्या लॅपटॉपवरचा अर्धा भरलेला अर्ज पाहिला आणि म्हणाले, "आपला सत्कार आपणच मागायचा का?" त्यांच्या बोलण्यात आकस नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं, आणि म्हणून हा धागा.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. वय ३८. डाळिंबावर तेल्या रोग आणणाऱ्या झँथोमोनास जिवाणूला मातीतले दुसरे जिवाणू, मुख्यतः बॅसिलस, कितपत रोखू शकतात यावर नऊ वर्षं काम करतोय. अर्ज आहे 'इन्यास'चा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं, म्हणजे 'इन्सा'नं, २०१४ मध्ये तरुण संशोधकांसाठी उभी केलेली ही अकादमी. सदस्यत्व पाच वर्षांचं, नंतर जागा सोडायची.

ज्येष्ठ अकादम्यांमध्ये फेलो, म्हणजे निवडून घेतलेले मानाचे सदस्य, होण्यासाठी आधीच्या फेलोंनी तुमचं नाव सुचवायचं अशी रीत. ऐकायला छान वाटतं. काम बोलेल, कोणीतरी दखल घेईल, नाव पुढे जाईल. पण दखल घेणारा तुमच्या आसपास असावा लागतो ना! आमच्या महाविद्यालयातून आजवर एकही फेलो झालेला नाही. आमचे विद्यार्थी, आमच्या प्रयोगशाळा, आमचे पेपर कोणत्याही फेलोच्या रोजच्या वाटेवर नाहीत. मग माझं नाव सुचवणार कोण? ओळख नसतानाही ज्यावर थाप मारता येते असं एकच दार आहे, आणि ते म्हणजे अर्ज.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या अकादमीचा 'रुसेटअप' नावाचा कार्यक्रम आहे, ग्रामीण शाळांतल्या विज्ञान-शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. मी दोन वर्षं शनिवारच्या सकाळच्या शाळेत जिल्हा परिषदेच्या मुलांना जिवाणू वाढवायला शिकवतोय. बटाट्याचं पाणी, चिमूटभर साखर, ते थिजवायला अगरची पावडर, आणि निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह यंत्राऐवजी घरचा प्रेशर कुकर. पंधरा पौंडांचा दाब तिथेही मिळतो. पहिल्यांदा ताटलीत स्वतःच्या बोटांच्या ठशांवर जिवाणूंच्या वसाहती उगवलेल्या पाहून एक मुलगी दोन दिवस कोणाला हात लावू देत नव्हती. हे काम मी एकटा, खिशातून करतो. अशीच कामं करणारे देशभरातले लोक भेटणार असतील तर मला ते हवे आहेत, आणि त्यासाठी मागावं लागलं तर मी मागेन.

माझं मत स्पष्ट आहे. राज्य विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतल्या तरुण प्राध्यापकांनी असे अर्ज करावेत, दरवर्षी करावेत, आणि त्यात कमीपणा मानू नये. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

जुनी प्रयोगवही

डाळिंबबाग, मला पटत नाही, आणि का ते नीट सांगतो. मी तीस वर्षं संशोधन करून निवृत्त झालोय.

आपल्याकडे अकादम्यांची कमतरता कधीच नव्हती. मेघनाद साहांनी अलाहाबादला १९३० मध्ये एक काढली, रामन यांनी बंगळूरला १९३४ मध्ये दुसरी, आणि १९३५ मध्ये कलकत्त्याला तिसरी आली, जी पुढे 'इन्सा' झाली. पाच वर्षांत तीन! एवढी मोठी माणसं, तरी एका छताखाली बसू शकली नाहीत. तिन्ही अकादम्या आजही आहेत. त्यांनी चांगली कामं केली हे मी नाकारत नाही. पण त्यांच्याभोवती नावापुढे लागणाऱ्या फेलोपणाच्या अक्षरांची जी ओढ तयार झाली, तिनं माझ्या पिढीतली कितीतरी चांगली माणसं बिघडवली. चाळिशीनंतर प्रयोगशाळेत कमी आणि शिफारशी गोळा करण्यात जास्त वेळ गेलेले लोक मी जवळून पाहिलेत. आता तीच ओढ तिशीत लावायची?

आणि वेळेचं गणित मांडा. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं, हे यूजीसीच्या नियमातलं. त्यावर परीक्षा, महाविद्यालयाला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली, प्रवेश समित्या. संशोधनाला उरतात रविवार आणि दिवाळीची सुट्टी. त्यातून पाच वर्षं बैठका, कार्यशाळा, प्रवास वजा करा. नऊ वर्षांच्या कामानंतर तुमच्या बॅसिलसची चाचणी बागेत, तीन हंगाम, निरनिराळ्या मातीत झाली आहे का? झाली नसेल तर तुमचा वेळ तिथे जायला हवा. तेल्यानं बाग काळी पडते तेव्हा शेतकऱ्याला फवारणीचं उत्तर हवं असतं.

मागण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या हातात वेळ थोडा आहे आणि तो चुकीच्या ठिकाणी जाईल, एवढंच सांगतोय.

मृण्मयी के

दादा, अर्ज कराच. पण मला एक वेगळं भांडण मांडायचंय.

मी ४३ वर्षांची आहे. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, सात वर्षं शिकवलं. दर जूनमध्ये नवी मुलाखत, दर मार्चनंतर मानधन बंद. बाळंतपणात तास बुडाले, तेवढे पैसेही बुडाले. पीएचडीसाठी मार्गदर्शकांकडे जागा मिळायला दोन वर्षं गेली. पीएचडी झाली तेव्हा मी ३९ वर्षांची होते. म्हणजे चाळीसपर्यंतच मोजणाऱ्या या अकादमीच्या हिशेबात मी 'तरुण संशोधक' किती काळ होते? काही महिने.

माझ्या पहिल्या स्वतंत्र पेपरला आता तीन वर्षं झालीत. संशोधक म्हणून मी तरुणच आहे, फक्त माझा जन्मदाखला तसं म्हणत नाही. भरती वर्षानुवर्षं रखडते, मुलींची लग्नं आणि मुलं त्याच वर्षांत होतात, आणि मग चाळीसची रेघ ओढली जाते. त्या रेघेच्या पलीकडे कोण राहतं ते बघा: बहुतेक करून तालुक्यातले, तासिकेवरचे, आणि बायका. जुनी प्रयोगवही सर, तुम्हाला अक्षरांच्या ओढीची काळजी वाटते. आमच्यातल्या बहुतेकींना त्या ओढीपर्यंत पोचताच आलं नाही.

वय मोजायचंच असेल तर पीएचडीनंतरची वर्षं मोजा, बाळंतपणाची वर्षं वजा करा. डाळिंबबाग दादा, तुम्ही आत गेलात तर पहिल्या बैठकीत हे मांडा. नाही मांडलंत तर मला तुमच्या निवडीचा आनंद होईल, पण अर्धाच.

साले नदीकाठी

मी जर्मनीत हाले शहरात आहे. तरुण अकादमी ही कल्पना मुळात इथलीच, म्हणून थोडं लिहितो.

जर्मनीची 'युंगं आकाडेमी' २००० साली निघाली. बर्लिन-ब्रांडेनबुर्ग अकादमी आणि हालेची लिओपोल्डिना या दोघींनी मिळून ती काढली. लिओपोल्डिना १६५२ सालची, म्हणजे शिवरायांच्या काळातली. तिला या वयात तरुणांची गरज वाटली, हे मला फार आवडतं. सदस्य पन्नास, दरवर्षी दहा नवे येतात आणि दहा जातात, प्रत्येकाला पाच वर्षं. एका वर्षी ज्येष्ठ अकादम्या निवड करतात, पुढच्या वर्षी तरुण सदस्य स्वतः करतात. हे पाहून २००५ मध्ये नेदरलँड्सनं आपली काढली, २०१० मध्ये जागतिक तरुण अकादमी आली, आणि मग देशोदेशी अशा अकादम्या निघाल्या.

प्रयोगवही सर, मुदत संपते हाच यातला मुख्य मुद्दा आहे. फेलोशिप आयुष्यभर मिरवता येते. इथे पाच वर्षांनी खुर्ची रिकामी करावी लागते. त्यामुळे लोक तिच्याकडे कामाची पाळी म्हणून बघतात. आणि ते कसलं काम करतात, ते सांगतो. इथल्या विद्यापीठांत सगळी सत्ता एकेका प्राध्यापकाच्या पीठाकडे, म्हणजे 'चेअर'कडे, असते, त्याच्या हाताखाली बाकीचे मुदतीच्या नोकऱ्यांवर. २०१७ मध्ये याच तरुण अकादमीतल्या लोकांनी लेखी प्रस्ताव मांडला, की ही पीठं मोडा, विभाग करा, आणि जास्त जणांना कायम प्राध्यापक होऊ द्या. ज्यांच्या हाती आपली पुढची नोकरी त्यांच्याच रचनेविरुद्ध लिहिणं सोपं नसतं. एकट्यादुकट्या पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतर मुदतीवर काम करणाऱ्या संशोधकाचं, कोणी ऐकलं नसतं. अकादमीचं नाव होतं म्हणून चर्चा झाली.

तेव्हा मृण्मयीताईंचा मुद्दा नेमका तिथेच नेता येईल. तासिका तत्त्वाबद्दल आपली तरुण अकादमी लेखी बोलली तर केवढं होईल!

पाषाण रोड

मी विरोधात, पण कारण प्रयोगवहींपेक्षा वेगळं.

डाळिंबबाग, तुम्हाला खोटी आशा लागू नये म्हणून लिहितोय. अशा अर्जांची छाननी करताना मी एकदा बसलोय. कुठल्या संस्थेसाठी ते सोडा. अर्जात समाजाभिमुख कामाला जागा होती, सगळ्यांनी ती वाचली, कौतुकही केलं. पण दोन अर्ज शेजारी ठेवल्यावर हात आपोआप प्रकाशनांच्या यादीकडे गेला. माझाही गेला. ज्याच्याकडे मोठं यंत्र, पोस्टडॉक, परदेशातला सहलेखक, त्याची यादी लांब. प्रेशर कुकरचं वजन कसं करायचं ते आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

माझं म्हणणं, ही मोजपट्टी बदलेपर्यंत तालुक्यातल्या लोकांनी त्यांच्या रांगेत उभं राहू नये. प्रत्येक नकारासोबत तुमच्यासारखा माणूस 'आपलंच काम कमी पडलं' असं समजतो. तसं नसतं. ती ऊर्जा मराठी विज्ञान परिषदेच्या स्थानिक विभागात घाला. १९६६ पासून परिषद हेच काम करतेय आणि तिथे तुमची भाषा कळते.

डाळिंबबाग

पाषाण रोड सर, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, त्याबद्दल खरंच आभार. पण तुमचा निष्कर्ष मला उलटा वाटतो. कुकरचं वजन करता आलं नाही, कारण त्या टेबलावर कुकर वापरलेलं कोणी नव्हतं. आम्ही रांगेतच आलो नाही तर त्या टेबलापाशी आमच्यातला कोणी बसेल कसा? मोजपट्टी बाहेरून बदलत नाही. आणि परिषद किंवा अकादमी असं मला निवडायचंच नाहीये. परिषदेत मी आहेच.

प्रयोगवही सर, बागेतली चाचणी झालेली नाही. एकच हंगाम झालाय, सांगोल्याकडच्या एका बागेत. तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. तीन हंगामांची चाचणी पुढच्या आंबिया बहारापासून, म्हणजे हिवाळा संपताना धरतात त्या बहारापासून, लावतोय, अर्ज केला तरी आणि नाही केला तरी.

मृण्मयीताई, तुमचं वाचून मी अर्जाचा एक परिच्छेद खोडला. तिथे मी 'संधीचा अभाव' असं मोघम लिहिलं होतं.

जुनी प्रयोगवही

मृण्मयीताईंचं म्हणणं मला पूर्ण मान्य. माझ्या काळी वयाच्या अटींकडे आम्ही हवापाण्यासारखं बघत होतो, कोणाचं काय बुडतंय ते दिसलंच नाही. हालेच्या मित्राचं मुदतीबद्दलचं म्हणणंही विचार करायला लावणारं आहे.

पण डाळिंबबाग यांनी यंदा अर्ज करू नये, यावर मी ठाम आहे. अजून वर्ष हातात आहे. आधी चाचणीचा पहिला हंगाम नोंदवा.

शनिवारची शाळा

मी संशोधक नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. अकादमी वगैरे मला कळत नाही, पण शाळेचं नाव निघालं म्हणून लिहिते.

आमच्याकडे मोठ्या संस्थांची माणसं येतात. चांगली असतात. मुलांना दुर्बिणीतून चंद्र दाखवतात, बॅनरसोबत फोटो काढतात, आणि जातात. पुढच्या सोमवारी मुलं विचारतात, "बाई, ते सर परत कधी येणार?" मी काय सांगू? दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदच्या दुर्बीण प्रकल्पात विज्ञान प्रदर्शन भरतं, तिथे एकदा मुलं नेली होती. त्यातली दोन पुढची तीन वर्षं स्वतःहून गेली, एसटीनं. का? तर ते त्याच जागी, त्याच दिवसांत, परत परत असतं हे त्यांना माहीत होतं.

तुमच्या अर्जात 'इतक्या शाळांपर्यंत पोचणार' असा आकडा असेल तर माझा त्याला विरोध आहे. पन्नास शाळांत एकेकदा जाऊ नका. आणि शिक्षकांना शिकवायचं असेल तर आम्हाला पुण्या-मुंबईला बोलावू नका. आमच्याच प्रयोगशाळेत या, जिथे नळाला पाणी नसतं, आणि तिथे काय जमतं ते आमच्यासोबत करून बघा.

डाळिंबबाग

बाई, आकडा होता. चाळीस शाळा लिहिल्या होत्या. आत्ता खोडल्या. त्याऐवजी तीन शाळा, प्रत्येकीत वर्षाला बारा शनिवार, पाचही वर्षं, आणि शिक्षकांचं प्रशिक्षण त्याच तीन ठिकाणी, असं लिहितोय. कागदावर हे चाळीसपेक्षा फारच लहान दिसतं, तरी तसंच ठेवणार.

प्रयोगवही सर, तुमचा सल्ला यंदा मोडतोय, क्षमा असावी. प्राचार्यांची सही झाली आहे. चाचणीचा आराखडा तुम्हाला पाठवला तर बघाल का? किती झाडं घ्यावीत आणि नियंत्रण-गट, म्हणजे तुलनेसाठी बॅसिलस न दिलेली झाडं, कुठे ठेवावा यात मी अडकलोय.

जुनी प्रयोगवही

पाठवा. ओलिताची पद्धत आणि मातीचा अहवाल सोबत जोडा, नाहीतर झाडांची संख्या सांगता येणार नाही.