मदत हवी आहे : 'इन्स्टिट्यूशन'साठी मराठी शब्द

पदवीच्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी आर्थिक विचारांच्या इतिहासावर टिपण लिहितो आहे. संस्थावादी अर्थशास्त्रापाशी, म्हणजे आर्थिक व्यवहार समाजातल्या 'इन्स्टिट्यूशन'मधून समजून घेणाऱ्या परंपरेपाशी अडलोय.

या परंपरेतला सुरुवातीचा अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याच्या मते इन्स्टिट्यूशन म्हणजे समाजात मुरलेल्या विचार करण्याच्या सवयी. याच परंपरेतल्या जॉन कॉमन्सने १९३१ च्या लेखात इन्स्टिट्यूशनची व्याख्या व्यक्तीच्या वागण्यावर सामूहिक कृतीने ठेवलेलं नियंत्रण अशी मांडली. इथवर 'संस्था' चालून जातं, कारण विवाहसंस्था, जातिसंस्था हे शब्द आपल्याकडे त्याच अर्थाने रुळलेले आहेत. खरी पंचाईत नंतरच्या काळातला अर्थतज्ज्ञ डग्लस नॉर्थ याच्यापाशी होते. १९९० च्या पुस्तकात तो दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या काढतो : इन्स्टिट्यूशन म्हणजे खेळाचे नियम, ऑर्गनायझेशन म्हणजे खेळाडू. मराठीत पतसंस्था हीसुद्धा संस्थाच आणि जातिसंस्था हीसुद्धा! त्यामुळे त्याचा सगळा मुद्दाच पुसला जातो.

ऑर्गनायझेशनला 'संघटना' वापरून पाहिलं, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कामगार संघटना येते. बँक किंवा कंपनी येत नाही. इन्स्टिट्यूशनला 'रूढी' म्हटलं की मालमत्तेचे कायदे बाहेर राहतात. 'नियमव्यवस्था' नॉर्थला शोभतं, पण व्हेब्लेनच्या सवयी त्यात बसत नाहीत. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून मोकळं व्हायचं नाहीये, आणि प्रत्येक विचारवंताला वेगळा शब्द दिला तर परंपरेचा धागाच तुटेल.

व्हेब्लेनपासून नॉर्थपर्यंत टिकेल आणि पतसंस्थेशी गल्लत होणार नाही, अशी शब्दांची जोडी तुम्ही शिकवताना किंवा भाषांतरात वापरली आहे का? कोणती?