पीसीबीवरचा ट्रॅक कोरून काढतात की चढवतात?

प्रश्न:
मी घरी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) बनवताना कॉपर क्लॅड, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या, बोर्डावर टोनरने ट्रॅकचा, म्हणजे वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांचा, आराखडा उमटवून फेरिक क्लोराइडमध्ये एचिंग करतो, म्हणजे उघडे तांबे विरघळवून काढतो. रुंद ट्रॅक नीट येतात, मात्र ०.२५ मिमीचे ट्रॅक कडेने खाल्ले जाऊन मध्येच तुटतात. त्यांतल्या एका १० सेंमी लांबीच्या शाबूत ट्रॅकमधून मोटरसाठी २ अँपिअर प्रवाह नेला, तेव्हा तो चांगलाच तापला. कारखान्यात तांबे हवे तिथेच चढवत असल्यामुळे तिथले ट्रॅक सुबक येतात का?

उत्तर १:
कारखान्यातही भर तांबे काढून टाकण्यावरच असतो. द्रावण जसे खाली खात जाते, तसे ते टोनरखाली कडेनेही शिरते, त्यामुळे ट्रॅक तळाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद होतो. तांबे ३५ मायक्रॉन जाड असेल आणि कडेची झीज खोलीइतकीच धरली, तर दोन्ही बाजू मिळून ७० मायक्रॉन, म्हणजे आपल्या ट्रॅकच्या माथ्याचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग जातो. द्रावण थंड आणि स्थिर असेल, तर बोर्डाचा एक भाग मोकळा होईपर्यंत दुसरीकडचे ट्रॅक पोखरले जातात. म्हणून ते कोमट ठेवावे, बोर्ड सतत हलवावा आणि उघडे तांबे जाताच बाहेर काढावा. कारखान्यात याचसाठी द्रावणाचे फवारे मारतात.

उत्तर २:
वरील उत्तर अनेक थरांच्या बोर्डातल्या आतल्या थरांना पूर्ण लागू पडते. बाहेरच्या थरांबाबत मात्र प्रश्नकर्त्याचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. तिथे आधी भोके पाडून त्यांच्या भिंतींवर रासायनिक क्रियेने तांब्याचा पातळ थर बसवतात. मग, एका प्रचलित पद्धतीत, ट्रॅक नको असलेली जागा फोटोरेझिस्टने (प्रकाशाच्या साहाय्याने आकार देता येणाऱ्या संरक्षक लेपाने) झाकून उरलेल्या जागी विजेच्या साहाय्याने आणखी तांबे आणि त्यावर कथील चढवतात. फोटोरेझिस्ट काढल्यावर एचिंगमध्ये हे कथीलच ट्रॅकचे रक्षण करते आणि शेवटी तेही उतरवले जाते.

उत्तर ३:
तापण्याचे कारण साध्या हिशेबात सापडते. ३५ मायक्रॉन तांब्याच्या कोणत्याही चौरसाचा, मग तो लहान असो वा मोठा, रोध सुमारे ०.५ मिलिओहम असतो. आपल्या ट्रॅकमध्ये असे ४०० चौरस बसतात, म्हणजे ०.२ ओहम, २ अँपिअरला ०.८ वॅट उष्णता झाली, आणि कडा झिजल्या असल्यास त्याहून जास्त. रुंदी २ मिमी केल्यास ती ०.१ वॅटवर येईल. ट्रॅकवर नुसते सोल्डर चढवण्याचा उपाय मला फारसा पटत नाही, कारण सोल्डरची रोधकता तांब्याच्या कित्येक पट असते. त्याऐवजी ट्रॅकच्या लांबीभर उघडी तांब्याची तार सोल्डर करावी.

प्रश्नकर्ता:
बोर्ड मी न हलवता थंड द्रावणात ठेवून दिला होता. आता मोटरचा ट्रॅक २ मिमीचा आणि बाकीचे ०.४ मिमीचे आखतो.