पाचवा महिना चालू आहे, चालणं आणि सूर्यनमस्कार सुरू करू का?

ठाणेकर_पोर:
नमस्कार. माझा पाचवा महिना संपत आलाय, पहिलीच वेळ आहे. आधी मी रोज सकाळी सूर्यनमस्कार घालायचे, पावसाळ्यात ट्रेक पण व्हायचे, पण दिवस गेल्याचं कळल्यापासून सगळं बंद, पहिले तीन महिने उलट्यांनी इतकी गळून गेले होते की काही सुचतच नव्हतं. आता बरं वाटतंय, भूक लागते. पण ऑफिसात दिवसभर खुर्ची आणि घरी आलं की सासूबाई जागचं हलू देत नाहीत, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तर त्या म्हणतात जिना दिवसातून एकदाच. माहेरी फोन केला की आई म्हणते उकिडवं बसून फरशी पूस, बाळंतपण सोपं जाईल. दोघी मायेनंच सांगतात त्यामुळे कुणाचंच मोडवत नाही. डॉक्टर 'सगळं नॉर्मल आहे, नेहमीसारखं राहा' एवढंच म्हणाल्या. नेहमीसारखं म्हणजे किती? कंबर खूप दुखते, पोट साफ होत नाही, आणि बाळाला धक्का बसेल ही भीती पण आहेच.

फिजिओ_कोथरूड:
आधी भीतीचं बोलू. प्रेग्नन्सी नॉर्मल असेल तर चालण्यानं किंवा बेताच्या व्यायामानं गर्भपात होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना आहेत की काही अडचण नसेल तर गरोदर बाईनं आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, म्हणजे रोज अर्धा तास असं पाच दिवस. तुझं इतके दिवस बंद होतं तर एकदम अर्धा तास नको, दहा-पंधरा मिनिटांपासून सुरू कर आणि वाढवत ने. किती जोरात, तर चालता चालता सोबतच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. बोलतानाच धाप लागली की वेग कमी.
सूर्यनमस्कार आहेत तसे नकोत. साष्टांग आणि भुजंगासन सोडायचं, पोट खाली दाबलं जातं, आणि झटक्यानं वाकणं पण नको. त्याऐवजी मार्जारासन कर, हात आणि गुडघे टेकून पाठ हळूहळू वर गोल करायची आणि परत सरळ आणायची, कंबरेला याचाच आराम जास्त पडतो. कपालभाती आणि श्वास कोंडून धरायचे प्रकार बंद. उताणं झोपून करायचे व्यायाम पण आता सोडून दे, वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे परत जाणारं रक्त कमी होतं, चक्कर येते. कुशीवर झोप. ट्रेक या वर्षी राहू दे, आता सांध्यांचे बंध सैल होतात, पोटामुळे तोल पुढे जातो आणि ओल्या दगडावर पाय घसरला तर काय करणार. जिना चढायला हरकत नाही, कठडा धरून, सावकाश. सासूबाईंना एकदा डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा, त्यांच्यासमोरच विचार.
आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. उकिडवं बसता येत असेल आणि दुखत नसेल तर बसावं, मांड्यांना ताकद येते, पण ओल्या फरशीवर नको, कशाला तरी धरून बस. व्यायाम करणाऱ्यांमध्ये सिझेरियनचं प्रमाण थोडं कमी दिसतं हे खरं, पण फरशी पुसली म्हणून नॉर्मलच होईल अशी हमी कुणी देऊ नये, कारण मग सिझर झालं की बाईलाच दोष देतात.

जाईची_आई:
वरचं सगळं पटलं, पण सगळ्यांना हे लागू नाही हे पण लिहायला हवं. माझी वार (प्लासेंटा) खाली, गर्भपिशवीच्या तोंडाजवळ होती, मला डॉक्टरांनी व्यायाम स्पष्ट नाही सांगितला होता. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका असेल, बीपी वाढलेलं असेल, आधी लवकर कळा आल्या असतील, हृदयाचं काही असेल तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका. आणि चालताना अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, पोट ठरावीक वेळानं कडक होऊन दुखायला लागलं, छातीत दुखलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे चमकायला लागलं तर घरी येऊन आडवं होऊन बघू असं करायचं नाही, सरळ दवाखाना. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर आपल्याकडे लगेच तेल लावून चोळतात, ते अजिबात करू नका, रक्ताची गुठळी असू शकते.

सोलापूरची_लेक:
मधेच विचारते, मला सातवा आहे, साडीच्या दुकानात आहे, सकाळी दहापासून उभी, वर गठ्ठे काढणं ठेवणं. संध्याकाळी पाय टम्म. एवढं होतं मग परत वेगळं चालायची काय गरज? आणि सांगितलं तर मालक कामावरून काढेल का?

एएनएम_मराठवाडा:
ताई, तुला आधी आराम लागतो, चालणं नंतर. तासन्‌तास उभं राहणं आणि ओझं उचलणं हा व्यायाम नाही, शेतात खुरपणाऱ्या, मोळ्या उचलणाऱ्या बायांना मी हेच सांगते. दुकानात स्टूल माग, थोड्या थोड्या वेळानं बस, उभं असताना टाचा वर-खाली करत राहा म्हणजे पोटऱ्या रक्त वर ढकलतात, सूज कमी येते. गठ्ठे दुसऱ्या कुणाला काढू देत. दुकानात दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मातृत्व लाभाचा कायदा लागू आहे (आधी १९६१ चा होता, आता ते नियम २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत), तारखेच्या साधारण दहा आठवडे आधीपासून तू मागणी केलीस तर अवजड किंवा खूप वेळ उभं राहायचं काम तुला देता येत नाही. मागणी लेखी दे. सूज चेहऱ्यावर, हातावर पण असेल तर आजच बीपी मोजून घे.
आणि दोघींनी हिमोग्लोबिन किती आहे ते बघा. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली असेल तर व्यायामाचं नाव काढायचं नाही, आधी उपचार. लोहाची गोळी चहासोबत नको, कॅल्शिअमच्या गोळीसोबत पण नको, दोन्हीत काही तासांचं अंतर ठेवा. आपल्या बायका ती गोळी उशाशी ठेवतात आणि पाकीट तसंच पडून राहतं, कृपा करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी फुकट असते, तिथे हे सगळं विचारता येतं.

ठाणेकर_पोर:
खूप आभार सगळ्यांचे. हिमोग्लोबिन १०.८ आहे, गोळी चालू आहे पण चहानंतर लगेच घ्यायचे, आता दुपारी लिंबूपाण्यासोबत घेईन. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'प्लासेंटा पोस्टिरिअर, नॉट लो लाइंग' असं आहे म्हणजे वार वर आहे ना?

जाईची_आई:
हो गं, मागच्या बाजूला आहे आणि खाली नाहीये. तरी पुढच्या वेळी डॉक्टरांना 'मी रोज अर्धा तास चालू का' असं नेमकं विचार, नेमकं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. सोलापूरच्या ताई, बीपी किती आलं ते इथे कळव.