विषय: न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जॅक्सन हाइट्समध्ये परवडणारं घर आणि गावचा सातबारा

अमळनेरहून:
मंडळी, रामराम. लहान भाऊ सहकुटुंब न्यूयॉर्कला गेलाय. सध्या तळघरात राहतात, भाडं रोख देतात. शहराच्या सोडतीतल्या घरासाठी अर्ज करायचा आहे. त्याच्या नावावरची इथली जमीन ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर कसायला) दिली आहे, ते पैसे आम्ही त्याला पाठवतो. अर्जात दाखवायची का?

फैजपूर, सध्या क्वीन्स:
ताई, दाखवायचीच. घरात राहणाऱ्या सगळ्यांचं उत्पन्न मोजतात, मग ते कुठल्याही देशातून येवो. तपासणीत बँकेची स्टेटमेंटं मागतात. त्यात भारतातून आलेली रक्कम दिसली आणि अर्जात तिचा उल्लेख नसला, की अर्ज तिथेच अडकतो. सातबारा, ठोक्याचा करार आणि दोन्हींचं इंग्रजी भाषांतर आत्ताच तयार ठेवा. करार तोंडी असेल तर येत्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेखी करून घ्या. कागद द्यायला बोलावतात तेव्हा हातात मोजकेच दिवस असतात, तलाठ्याकडे खेपा घालायला वेळ नसतो.

अर्ज ‘हाउसिंग कनेक्ट’ या शहराच्या संकेतस्थळावर, अगदी फुकट. कुणी पैसे मागितले तर ती फसवणूक समजा. एका सोडतीला एका कुटुंबाचा एकच अर्ज. नवरा-बायकोने वेगवेगळे भरले तर बाद होण्याची भीती. उत्पन्नाला वरची तशी खालचीही मर्यादा असते. पगारदाराने कर कापण्याआधीचा आकडा लिहायचा, हातात येणारा नव्हे. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. टॅक्सीसारखा स्वतःचा धंदा असेल तर मात्र खर्च वजा जाता उरलेलं धरतात.

आणि रोख भाडं कृपा करून थांबवा. क्रेडिट तपासणीऐवजी (कर्ज-उधारी वेळेवर फेडल्याची नोंद बघतात ती) सलग १२ महिने भाडं पूर्ण भरल्याचा पुरावा देता येतो. नव्याने आलेल्या माणसाला याहून मोठा आधार नाही, आणि रोखीत तोच हातचा जातो. चेकने द्या. रोखच द्यावं लागलं तर पावती मागा. ती देणं घरमालकाला कायद्याने बंधनकारक आहे.

धुळे, सध्या जर्सी सिटी:
सोडतीला फार वेळ लागतो, तोवर तळघरात राहू नका. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पुरात क्वीन्समधल्या तळघरांत माणसं बुडून गेली.

न्यूयॉर्क शहरातल्या १९७४ पूर्वीच्या, सहा किंवा जास्त घरांच्या इमारती बघा. त्यांतल्या बऱ्याच घरांची भाडेवाढ सरकारी मंडळ ठरवतं. भाडेकरू झाल्यावर राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडून त्या घराच्या भाड्याचा जुना इतिहास मागवा, म्हणजे जास्त आकारणी होत असेल तर कळेल. अनामत एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, पार्श्वभूमी तपासणीचे २० डॉलरहून जास्त नाहीत. जून २०२५ पासून दलाली दलाल नेमणाऱ्याने द्यायची आहे. घरमालकाचा दलाल तुमच्या भावाकडे मागत असेल, तर शहराच्या ३११ क्रमांकावर तक्रार करा.