जाळं कापलं की २५ हजार, याला लोकसहभाग म्हणायचं का?

वाळूवरचा
फेब्रुवारी-मार्च आला की कोकणातल्या वेळास, आंजर्ल्याच्या कासवांच्या पिल्लांचे व्हिडिओ फिरायला लागतात आणि खाली सगळे लिहितात, बघा लोकसहभागातून संवर्धन. किनाऱ्यावर काम झालंय, मान्य. पण तिथल्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी वाळूवर येते ती अंडी घालण्यापुरती, आणि नर तर पिल्लू म्हणून पाण्यात गेला की सहसा परत येतच नाही. म्हणजे कासवाशी रोजची गाठ पडते ती मच्छीमाराची. त्याचा सहभाग काय? तर २०१८ च्या डिसेंबरपासून राज्य सरकारची योजना आहे, कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असं काही संरक्षित जाळ्यात आलं तर जाळं कापून सोडा, फोटो-व्हिडिओ काढा, अर्ज करा, मग २५ हजारांपर्यंत भरपाई. माझ्या मते ही नुसती नुकसानभरपाई झाली. कुठल्या महिन्यात कुठल्या पट्ट्यात ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायचं पिशवीसारखं जाळं, ओढायचा नाही हे ठरवताना तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, कोण विचारतं? वेगळं वाटत असेल तर सांगा.

मंडणगडकर
किनाऱ्यावरचं काम एका ओळीत उडवलंत राव. २००२ मध्ये चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आली ती समुद्री गरुडाच्या सर्व्हेसाठी, तेव्हा वेळासला घरटी उकरून अंडी विकली जायची. कासवाच्या एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी, सकाळी वाळूवर माग दिसला की गेली सगळी. आज त्याच गावातली पोरं कासवमित्र म्हणून पहाटे किनारा चालतात, अंडी हॅचरीत, म्हणजे वाळूवरच्या कुंपणात, नेतात, पन्नासेक दिवस राखतात. हे नुसत्या वनखात्याच्या बोर्डाने झालं नसतं. कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घरात राहायला लागले, मोदक-आमटीचे पैसे बायकांच्या हातात आले, तेव्हा गाव वळलं. पैसा दिसला म्हणून सहभाग खोटा होत नाही.

वाळूवरचा
पैशाला विरोध नाहीच हो. वेळासला पैसा आला तो गावाच्या हातात आला आणि पाहुणे कसे ठेवायचे ते गावाने ठरवलं, म्हणूनच ते टिकलं. बोटवाल्याला मात्र नुसता अर्ज भरायचाय.

डोलकर_२
मी बोटीवरचा माणूस आहे म्हणून लिहितो. कासव जाळ्यात आलं तर आमच्याकडे पूर्वीपासून सोडतातच, म्हातारे हळदकुंकू लावून सोडायचे, देव मानतात, त्यासाठी कुणी पैसे देत नव्हतं. आता पैसे देतात ते बरंय पण ते फक्त जाळ्याचे, जाळं कापल्यावर त्यातला माल गेला, डिझेल जळलं, खलाशांचा दिवस बुडाला ते कुठे धरलंय? आणि पर्ससीनचं, म्हणजे माशांच्या थव्याला घेरायचं मोठं जाळं लाखांत जातं, तिथे २५ हजार म्हणजे काय. वर फोटो काढा म्हणे, अंधारात लाटेवर एक हात दोरीला आणि दुसऱ्याने मोबाईल 😅

समुद्रप्रेमी_पुणे
आधीपासून सोडताय तर मेलेली कासवं किनाऱ्याला कुठून लागतात? कासवाला श्वासाला वर यावं लागतं, ट्रॉल तास-तास ओढत राहिलात तर ते आतच गुदमरतं, मग जाळं कापून काय उपयोग. उपाय जगाला माहितीये, टीईडी (टर्टल एक्सक्लुडर डिव्हाइस), जाळ्याच्या मागच्या पिशवीआधी गजांची चौकट बसवतात, कोळंबी मागे जाते आणि कासव वरच्या झडपेतून बाहेर. आपल्याकडे ते लावत नाहीत म्हणून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलंय, तळ्यातली तेवढी घेतात. हे असंच गोड बोलून होणार असेल तर कायदा कशाला केला? सक्ती करा, लायसन्स रद्द करा, दोन सीझनमध्ये सरळ होतील सगळे.

डोलकर_२
सक्ती? एलईडी लाइटच्या उजेडाने मासे गोळा करून पकडण्यावर २०१७ पासून बंदी आहे, रात्री बंदरावर उभं राहून बघा एकदा समुद्रात किती उजेड दिसतो ते. नियम फक्त छोट्याला लागतो.

वेरावळ_रिटर्न
मधे पडतो. गुजरातमध्ये व्हेल शार्क आधी अक्षरशः मारायचे, यकृताच्या तेलासाठी, ते तेल लाकडी होडीला पाणी लागू नये म्हणून फासायचे. २००१ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं पण गावं हलली ती २००४ नंतर, कथाकार मोरारीबापू किनाऱ्यावर येऊन म्हणाले ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. त्याचं नावच 'व्हाली', म्हणजे लाडकी, पडलं. भरपाई तिथेही होती, फोटोसाठी मच्छीमारांना कॅमेरे दिले, आणि ज्यांनी मारले त्यांनीच पुढे शेकडो सोडले. म्हणजे भरपाई वाईट नाही, नुसती भरपाई वाईट. पुणेकरांच्या दांडक्याने हे झालं नसतं.

समुद्रप्रेमी_पुणे
व्हेल शार्क बसएवढा असतो, जाळ्यात आला की लगेच कळतं आणि जिवंत सोडता येतो. ट्रॉलमधलं कासव वर येईपर्यंत दिसतच नाही. माहेरच्या लेकीची गोष्ट सांगून झडप बसत नाही जाळ्याला.

मंडणगडकर
हा मुद्दा खरा आहे, नाइलाजाने लाइक केलंय.

वाळूवरचा
मलाही पटतंय, पण त्यातून सक्ती निघत नाही. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. सगळा भारत वळसा घालून आलेलं जनावर, त्याच्या वाटेत किती राज्यांच्या किती बोटी. पोलिसांची गस्त कुठे कुठे पुरणार? बोटीवरच्याला स्वतःला ती चौकट नको असेल तर बंदर सुटलं की तो काढून ठेवेल, कोण बघतंय. म्हणून म्हणतो, महिने, पट्टे, जाळ्याची रचना ठरवायला मच्छीमार सोसायट्यांना आधीपासून बसवा, सगळं ठरल्यावर सहीला बोलवू नका.

डोलकर_२
झडपेतून कासवाबरोबर मोठा मासाही जातो, भांडण तेवढंच आहे. किती जातो ते कागदावर सांगू नका. फुकट बसवून द्या, चार बोटींवर एक सीझन लावतो, घट आम्ही मोजू, तुमचा माणूस सोबत पाठवा मोजायला. पुणेकर आले तरी चालतील, उलटी झाली तर जबाबदारी आमची नाही.

समुद्रप्रेमी_पुणे
येतो. ऑगस्टमध्ये पावसाळी मासेमारी बंदी उठली की कळवा.