३ पेन्सांसाठी युद्ध? काहीच्या काही!

बाकरवडी_७०:
काल व्हॉट्सअ‍ॅपवर ज्ञानामृत आलं: ‘अमेरिकन क्रांती म्हणजे ३ पेन्सांचा चहाकर वाचवायला चिक्कू व्यापाऱ्यांनी घातलेला दंगा.’ उत्तर दिलं तर अ‍ॅडमिनने ‘राजकारण नको’ म्हणून उडवलं. आता इथे ओकतो.

अहो, १७७३च्या कायद्याने चहा स्वस्तच झाला होता! ईस्ट इंडिया कंपनीची गोदामं तुंबलेली, म्हणून तिला ब्रिटनच्या अमेरिकेतल्या वसाहतींत थेट माल विकायची मुभा दिली. पौंडामागे ३ पेन्सांचा जुना कर मात्र मुद्दाम ठेवला. स्वस्तातला चहा प्यायलात की कर लावायचा पार्लमेंटचा हक्क आपोआप कबूल. १७६५च्या स्टॅम्प अ‍ॅक्टपासून भांडण हेच. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, पत्त्यांचे कॅटसुद्धा सुटले नव्हते आणि पार्लमेंटात वसाहतींचा खासदार एकही नाही.

१६ डिसेंबरला बॉस्टनमध्ये ३४२ पेट्या फोडल्या. ओहोटी होती, चहा बुडेना. सकाळी होड्या घालून वल्ह्यांनी बडवावा लागला. बरं, पकडा ना त्यांना! लंडनने अख्खं बंदरच बंद केलं. तोवर तटस्थ असलेल्या वसाहतीही त्यानंतर बिथरल्या.

खडूस_काका:
फ्रेंचांपासून या वसाहतवाल्यांना वाचवलं कोणी? सात वर्षांच्या युद्धात ब्रिटनचं कर्ज दुपटीच्या घरात गेलं. इंग्लंडातला माणूस यांच्यापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. खरं दुखणं १७६३चं. अ‍ॅपलेशियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला राजाने बंदी घातली. वॉशिंग्टनचाही तिकडच्या जमिनींवर डोळा होताच. घरात गुलाम आणि तोंडी स्वातंत्र्य. वा!

भाडेकरू_कायमचा:
कराचं मला सांगू नका. ११ वर्षं मेंटेनन्स माझ्या खिशातून जातोय, वर मालक स्वतः राहत नाही म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. मीटिंगला गेलो तर सेक्रेटरी म्हणाले, ‘चहा घ्या, पण मत नाही.’ मी चहा तसाच ठेवून आलो.

खडूस_काका:
मत कशाला? उद्या तुम्ही सामान उचलून जाल, लिफ्टचं कर्ज आम्ही फेडायचं. ९ वर्षं खजिनदार होतो मी. भाडेकरूंच्या दोन-दोन गाड्या पार्किंगमध्ये आणि पाणी गेलं की पहिला फोन त्यांचाच!

भाडेकरू_कायमचा:
आले लॉर्ड नॉर्थ, तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान! गाडी नाहीये माझ्याकडे, सायकल आहे. तीही ‘दिसायला बरी नाही’ म्हणून जिन्याखालून काढायला लावली.

कोथिंबीर:
सायकलचा मुद्दा +१. आमच्याकडे तर झोपाळ्यावरून नोटीस आली होती.

वडगाव_मावळ:
धागा भरकटलाय, तरी माझंही घ्या. १७७९च्या जानेवारीत वडगावला कंपनीच्या फौजेने आपल्यापुढे गुडघे टेकले, तेव्हा तिकडे वॉशिंग्टन लढतच होता. अमेरिकेत यॉर्कटाउनला १७८१त शरण गेलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस १७८६त इथे गव्हर्नर जनरल! तिथला नापास इथे हेडमास्तर. शाळेत हे दोन धडे कधी शेजारी ठेवलेच नाहीत.

खडूस_काका:
सायकल जिन्याखाली ठेवणं नियमात बसत नाही. असो. बाकरवडी, डनमोर विसरलात की गिळलात? नोव्हेंबर १७७५मध्ये व्हर्जिनियाच्या या गव्हर्नरने जाहीर केलं, बंडखोरांचे गुलाम आमच्याकडून लढले तर मुक्त. मळेवाल्यांचं पित्त तिथे खवळलं.

बाकरवडी_७०:
बोचतो हा मुद्दा, नाकारत नाही. पण लेक्सिंग्टनला युद्धाच्या पहिल्या गोळ्या सुटल्या १९ एप्रिल १७७५ला. म्हणजे डनमोरच्या सहा महिने आधी. जुलैमध्येही हेच लोक राजाला विनवणीचा अर्ज धाडत होते! राजाने तो हातात घेतला नाही, ऑगस्टमध्ये यांना बंडखोर ठरवलं. त्यानंतरही ‘आम्ही राजाचेच’ म्हणणारे होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला तो थेट १७७६च्या जुलैत. मळेवाले डनमोरमुळे पेटले असतील, पण लढाई आधीच लागली होती.

खडूस_काका:
बंदर बंद करणं गाढवपणा होता, एवढं देतो. खासदार एडमंड बर्क पार्लमेंटात ओरडून सांगत होताच. बाकी शून्य.

भाडेकरू_कायमचा:
काकांनी काहीतरी दिलं! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. आता सायकलचं बोला.

खडूस_काका:
लेखी अर्ज करा.