फील्डवरून समन्वयकपदी: माणसं आणि कार्यक्रम सांभाळायला आधी काय शिकावं?

कुहीकर: नमस्कार. संस्थेचं कार्यालय नागपुरात, काम उमरेड, कुही आणि भिवापूर तालुक्यांत माता-बाल पोषणाचं. समन्वयकाची जबाबदारी नवी आहे. हाताखाली १४ जण, निधी एका कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चातला. अहवाल वेळेवर येतात, पण त्यातून काम कळत नाही. अंदाजपत्रकही नीट वाचता येत नाही. एमबीए करावं का?

जमाखर्च: पदवीचं नंतर बघा. लोकप्रशासन शिकायचंच असेल तर इग्नूचा दूरस्थ अभ्यासक्रम आहे, प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. पण आधी करारनामा आणि मंजूर अंदाजपत्रक शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा. प्रत्येक ओळीपुढे लिहा: काय, किती, कोणत्या महिन्यात, पुरावा कोणता. पुराव्याचा रकाना रिकामा राहिला की वर्षअखेरीस लेखापरीक्षक तिथेच बोट ठेवतो.

दर तिमाहीला खर्चाची आणि कामाची टक्केवारी एकत्र बघा. खर्च ६० टक्के आणि काम ३० टक्के असेल, तर बहुधा दर कमी धरले गेलेत. उलट असेल तर बिलं अडकलीत, आणि त्यात कार्यकर्त्यांचा प्रवासखर्च हमखास असतो. तो दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत चुकता करा. स्वतःच्या खिशातून पेट्रोल भरणारा माणूस लांबच्या गावाला जाणं टाळू लागतो. अंदाजपत्रकातल्या एका खर्चशीर्षाचे पैसे दुसऱ्यावर वळवायचे असतील तर खर्चाआधी लेखी मंजुरी घ्या.

आणि सीएसआरमधली ५ टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे. ती तुमच्या कार्यकर्त्यांच्या मानधनाला लावू देऊ नका.

पर्यवेक्षक: १४ जणांनी थेट तुम्हाला विचारायचं, ही रचना आधी मोडा. तालुक्याला एक प्रमुख नेमा.

अहवालातून आकडा कळतो, काम गावात गेल्यावरच कळतं. भेटीला जाताना हजेरीपटातली कुठलीही पाच नावं निवडा आणि त्या घरी जाऊन विचारा. वजनकाटा शून्यावर आहे का बघा, माहीत असलेलं वजन ठेवून तपासा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवूनच मोजायची. उभं करून मोजली तर साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरते आणि खुजी (वयाच्या मानाने उंची कमी असलेली) बालकं कागदावर वाढतात. ही चूक फार सर्रास होते आणि पुढचं सगळं विश्लेषण नासवते.

चूक दिसली तर तिथेच, पण बाजूला घेऊन, करून दाखवा. मासिक बैठकीत आकडे वाचत बसू नका, ते आदल्या दिवशी मागवा. बैठकीचा वेळ अडलेल्या दोन-तीन गावांना द्या. कोण, काय, कधीपर्यंत हे लिहूनच उठा.

दहा किंवा अधिक कर्मचारी असले की लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती कायद्याने लागते. ती नसेल तर याच महिन्यात स्थापन करा.

कुहीकर: हे लगेच लागू करते. पण अंगणवाडी सेविकांचं काय? त्यांना सांगूनही काम पुढे सरकत नाही.

टिप्पणी: ताई, त्या तुमच्या हाताखाली नाहीत. त्यांना काम सांगतात पर्यवेक्षिका, त्यांच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी. सेविकांना परस्पर काम सांगितलं तर दोघींची अडचण होते. पर्यवेक्षिकेकडे बीट बैठकीत (तिच्या हाताखालच्या अंगणवाड्यांच्या बैठकीत) अर्धा तास मागा. तुमच्यासाठी वेगळी नोंदवही भरायला लावू नका. पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी ॲपमध्ये असलेली माहिती पुन्हा लिहायला कुणालाच वेळ नसतो. तुम्ही त्यांचं काय काम हलकं करणार, ते आधी सांगा.

तोंडी होकारावर विसंबू नका. पत्र द्या, आवक क्रमांक घ्या, शिक्का मारलेली स्थळप्रत (आपल्याकडे राहणारी प्रत) जपा. महाराष्ट्राच्या २००५च्या बदल्यांच्या कायद्यानुसार अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा, बदल्या एप्रिल-मेमध्ये. त्यामुळे महत्त्वाच्या निर्णयांची इतिवृत्तं मार्चअखेरपर्यंत सहीसह हाती असू द्या. त्याच कायद्यात फाइल एका टेबलावर सात कामकाजी दिवसांहून जास्त ठेवू नये असंही आहे. पण कलम दाखवण्याआधी ती नेमकी कुणाकडे आहे ते विचारा. बरेचदा एखादं जोडपत्रच राहिलेलं असतं.

आढावा बैठक डिसेंबरात ठेवू नका. हिवाळी अधिवेशनात नागपुरातली कार्यालयं विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात गुंतलेली असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली तारीख मागा, दिवाळी तेव्हा नाही ना हे बघून.